आल्टोच्या वाट्याची चाल

कॉयरच्या पहिल्या संध्याकाळी माझ्या वाट्याला चाल आलीच नाही.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. घरी आईचं भजनी मंडळ होतं, दर गुरुवारी आमच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी पडायची आणि टाळ वाजायचे. शाळेच्या दिवसांत पाच-सहा वर्षं मी शास्त्रीय गाणंही शिकले होते. सूर मला नवे नव्हते. पुण्यात कॅम्पातल्या एका चर्चमागच्या खोलीत पंचवीसएक माणसं अर्धवर्तुळात बसली होती. सरांनी माझा आवाज खालपासून वरपर्यंत ऐकला, आल्टोंच्या, म्हणजे खालच्या आवाजात गाणाऱ्या बायकांच्या, रांगेत बसवलं आणि चार पानं हातात दिली. वरच्या आवाजाच्या सोप्रानो गायला लागल्या आणि त्यांची चाल माझ्या कानानं लगेच उचलली. आमची ओळ मात्र एका सुरावरच घुटमळत होती. तीन मात्रा तोच सूर, मग एक पायरी खाली, मग पुन्हा तिथेच. घरी येऊन एकटीनं म्हणून पाहिली तर ते गाणंच वाटेना. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे काय, गळ्यानं तानपुरा लावतेस का?"

आपल्याकडे शंभर माणसं एकत्र गायली तरी एकच चाल गातात. कुणी खालच्या सप्तकात, कुणी टिपेला, पण वाट सगळ्यांची एक. चार गट चार वाटांनी निघतात आणि गाणं त्या चौघांच्या मधे कुठेतरी घडतं, ही गोष्ट मला फक्त हिंदी सिनेमाच्या गाण्यांमागच्या कोरसमुळे थोडीफार माहीत होती. त्या मागच्या सुरांची बांधणी करणारे बरेच जण गोव्याचे होते, हे मला सरांकडून कळलं. सर स्वतः साष्टीचे. गावच्या चर्चच्या शाळेत मेस्तांनी, म्हणजे संगीताच्या गुरुजींनी, त्यांना अक्षरांच्या आधी सोल्फा, म्हणजे डो-रे-मीची सरगम, शिकवला, मग हातात व्हायोलिन दिलं.

त्या वर्षी ईस्टरसाठी आम्ही जर्मन संगीतकार बाखचा एक कॅन्टाटा, म्हणजे चर्चच्या उपासनेसाठी गायक आणि वाद्यांकरता रचलेली कृती, बसवत होतो. बाखच्या कृतींच्या सूचीत त्याचा क्रमांक चौथा. ख्रिस्त मृत्यूच्या बंधनात पडला होता, असा पहिल्या ओळीचा अर्थ. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरनं १५२४ साली लिहिलेलं सात कडव्यांचं गीत, आणि बाखनं १७०७च्या सुमारास, म्हणजे बाविशीत, सातही कडव्यांत मूळ चाल तीच ठेवून तिला सात रूपं दिलेली. आम्ही पहिलं आणि शेवटचं कडवं घेतलं होतं. चौथं कडवंही चौघांचं, पण ते अवघड म्हणून सरांनी बाजूला ठेवलं. तालमीच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला एक सीडी दिली. म्हणाले, "आधी शब्द ऐक. सूर नंतर."

मुखपृष्ठावर नाव होतं, बाख कॉलेजियम जपान. संचालक मासाआकी सुझुकी.

जपानी माणसं बाख गातात याचं मला नवल वाटलं, आणि ते नवल मी बोलूनही दाखवलं. सरांनी शांतपणे माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आणि तू?"

त्या "आणि तू?"चं उत्तर शोधत मी गेली कित्येक वर्षं या माणसाच्या मागे आहे. त्यांना मी कधी प्रत्यक्ष भेटलेले नाही. त्यांच्या तबकड्या, त्यांसोबतच्या पुस्तिका, मुलाखती, एवढंच माझं साधन. पण एखाद्या माणसाचं काम एवढं सलग आणि एवढं एकाच दिशेचं असलं की त्याची संगत लागते.

सुझुकींचा जन्म १९५४चा, कोबे शहरातला. घर ख्रिस्ती, आईवडील दोघंही हौसेनं संगीत करणारे. बारा वर्षांचे असताना ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागले. जपानात ख्रिस्ती लोक शंभरात एखादा, त्यामुळे रविवारी सकाळी ऑर्गनवर बसणारा तो मुलगा आपल्या वर्गात बहुधा एकटाच असणार. पुढे टोकियोच्या कला विद्यापीठात संगीतरचना आणि ऑर्गन शिकून ते ॲमस्टरडॅमला गेले. तिथे हार्प्सिकॉर्डसाठी टॉन कोपमन आणि ऑर्गनसाठी पीट के हे गुरू लाभले. काही काळ जर्मनीत शिकवलं आणि १९८३च्या सुमारास मायदेशी परतले. कोबेच्या एका महिला महाविद्यालयात नोकरी, आणि त्या महाविद्यालयाच्या प्रार्थनागृहात एक सुंदर ऑर्गन. १९९० साली त्यांनी बाख कॉलेजियम जपान सुरू केलं. पुढे टोकियोच्या त्याच कला विद्यापीठात प्राचीन पाश्चात्य संगीताचा विभाग उभा केला आणि २००९ ते २०१३ अमेरिकेत येल विद्यापीठात कॉयर-संचालन शिकवलं. पदांची यादी अजून लांबवता येईल, पण मला त्यात रस नाही. मला रस आहे तो १९९५ ते २०१३ या अठरा वर्षांत.

या अठरा वर्षांत सुझुकींनी बाखचे सगळे उपलब्ध धार्मिक कॅन्टाटा ध्वनिमुद्रित केले. संख्येनं दोनशेच्या आसपास, पंचावन्न तबकड्या, बहुतेक सगळ्या कोबेच्या त्या प्रार्थनागृहात. आणि पहिल्या तबकडीवरचा पहिला कॅन्टाटा आमचाच, चौथ्या क्रमांकाचा.

१७ जानेवारी १९९५ला पहाटे कोबे हादरलं. सहा हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्याकडे किल्लारी होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रातले ते आडवे पडलेले उड्डाणपूल पाहताना आमच्या घरात कुणी काही बोललं नव्हतं, ते मला आठवतं. त्याच वर्षी, काही महिन्यांनी, त्याच शहरात बसून या लोकांनी गायला घेतलं ते काय, तर मृत्यूनं सगळ्यांना धरलं, त्याच्यापुढे कुणाचं काही चाललं नाही, आणि मग मरण आणि जीवन यांची झुंज झाली. मालिकेचा क्रम कालानुक्रमे लावलेला, म्हणून हा जुना कॅन्टाटा आधी आला. निवड ढिगाऱ्याकडे पाहून केलेली नव्हती. तरीही माझ्या कानाला ते दोन्ही आता वेगळं काढता येत नाही. तिसऱ्या कडव्यात टेनर, म्हणजे पुरुषांतला वरचा आवाज, एकटा गातो. ख्रिस्त आला, मृत्यूचा सगळा हक्क आणि जोर त्यानं काढून घेतला, आता उरलं ते काहीच नाही, फक्त मरणाचं बाह्य रूप. "काहीच नाही" या शब्दावर व्हायोलिनं धावता धावता एकदम थांबतात. सगळं बंद. क्षणभर निखळ शांतता. मग पुन्हा हळूच सुरुवात.

आपल्याकडे एकत्र येण्याची जागा म्हणजे सम. सगळे समेवर उतरतात आणि मान हलते. इथे सगळे एका शब्दावर मिळून गप्प होतात. आमच्या तालमीत सरांनी एक अख्खी संध्याकाळ पहिल्या कडव्यातल्या विरामांवर घालवली. "सुरू होणं कुणालाही येतं," ते म्हणत होते, "एकत्र थांबा." पंचवीस माणसांचा एक "ट" एका क्षणी पडत नाही, तो पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा पत्र्यावर विखरून पडतो. तो एकत्र पाडायला आम्हाला महिना लागला.

आणि इथेच मला सुझुकींच्या कामाचा आकार कळला. जपानी भाषेत शब्दाचा शेवट व्यंजनावर जवळजवळ होतच नाही, "न"चा अपवाद सोडला तर. प्रत्येक व्यंजनाला स्वराचा आधार लागतो. आपल्या खेड्यात स्टेशनचं टेसन होतं तसं तिथे ख्रिस्तचं "किरिसुतो" होतं. एका झटक्यात म्हणायच्या शब्दाचे चार तुकडे. बाखला तर ते "बाह्हा" म्हणतात. र आणि ल यांच्यात त्यांचा कान भेद करत नाही. असे गळे घेऊन जर्मन गायचं, जिथे शब्दाच्या टोकाला तीन-तीन व्यंजनं एकमेकांना खेटून उभी असतात, आणि तेही असं गायचं की जर्मन श्रोत्यानं पुस्तिका बंद करावी. पहिल्या तबकडीत बासचा, म्हणजे पुरुषांतला खालचा, एकल आवाज डच गायक पेटर कोय यांचा आहे, पण भोवतीचा सगळा समूह जपानी. मी मुद्दाम शेवटची व्यंजनं ऐकली. एकही विखुरलेला नाही. प्रत्येक "ट" टाचणीसारखा.

मी माझ्या कागदांवर जर्मन शब्दांखाली पेन्सिलनं देवनागरी लिहायला सुरुवात केली. आपली लिपी या कामाला बरीच उदार आहे, पण एका आवाजाशी ती अडली. "मी" या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या शेवटी जो घर्षणाचा आवाज येतो तो श नाही, ह नाही, ख तर नाहीच. "काहीच नाही" या शब्दाच्या पोटातही तोच बसलेला आहे. मी त्यासाठी "श"च्या खाली एक छोटा फुगीर टिंब द्यायला लागले. आज आमच्या आल्टोंच्या सगळ्या कागदांवर तो टिंब आहे.

"तुम्ही जपानी लोक बाख कसा काय वाजवता?" हा प्रश्न सुझुकींना नेदरलँड्समध्ये असल्यापासून विचारला जात होता, आणि पहिल्याच तबकडीच्या पुस्तिकेत त्यांनी तो स्वतःहून समोर ठेवला आहे. त्यांचं उत्तर सरळ आहे. बाखनं ज्या देवाची सेवा केली तोच देव मी भजतो, आणि त्या देवाच्या नजरेत मधली दोनशे वर्षं फार मोठी नाहीत. भाषेचं, वंशाचं अंतर त्यांच्या लेखी श्रद्धेनं ओलांडलं जातं.

हे उत्तर वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होते. ते खोटं वाटलं म्हणून नाही. ते मला वापरता येत नव्हतं म्हणून. माझा देव विटेवर उभा आहे, आणि त्याच्याशीही माझं नातं आईइतकं सरळ नाही. मग माझ्या तोंडी हे शब्द कुठल्या नात्यानं?

या प्रश्नानं मला आणखी एका जपानी माणसापर्यंत नेलं, आणि त्याच्याविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तात्सुओ मिनागावा हे सुझुकींच्या आधीच्या पिढीतले, १९२७चा जन्म. मध्ययुगीन युरोपीय संगीताचे अभ्यासक, प्राध्यापक, आणि आयुष्यभर एका कॉयरचे संचालकही. १९७५ साली ते क्यूशूजवळच्या इकित्सुकी बेटावर गेले. तिथले मच्छीमार आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या काही प्रार्थना गातात, त्यांना "ओराशो" म्हणतात. ओराशो म्हणजे लॅटिनमधलं ओरातिओ, प्रार्थना.

याची मुळं आपल्या किनाऱ्यावरून गेलेली आहेत. १५४९ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघाले आणि कागोशिमाला उतरले. त्यांच्याबरोबर गोव्यात बाप्तिस्मा घेतलेला अंजिरो नावाचा जपानी माणूस होता. १५८२ मध्ये नागासाकीहून चार किशोरवयीन मुलं रोमच्या वाटेला लागली, जाताना आणि येताना गोव्यात राहिली आणि १५९०ला परतली. येताना युरोपीय वाद्यं शिकून आली होती. दुसऱ्या वर्षी त्यांनी ती क्योतोत जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर वाजवून दाखवली. आणि १६१४ मध्ये जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरू हाकलले गेले, चर्चं पाडली गेली. त्या चौघांपैकी नाकाउरा ज्युलियनला १६३३ मध्ये हाल करून मारलं. जे लोक लपून राहिले त्यांच्याकडे पुस्तक नव्हतं, गुरू नव्हता. तोंडी जेवढं उरलं तेवढंच. बंदी उठली १८७३ला. अडीचशेहून जास्त वर्षं लॅटिनचा एकही शब्द न कळता ते लॅटिन गात राहिले, आणि गाताना शब्द जपानी तोंडाला लागून झिजत गेले. "ग्लोरिओसा"चं "गुरुरियोझा" झालं.

मिनागावांनी ते ऐकलं आणि झिजलेल्या शब्दांमागचं लॅटिन ओळखलं. पण "गुरुरियोझा"ची चाल युरोपातल्या कुठल्याच परिचित संग्रहात सापडेना. सात वर्षं ते ग्रंथालयं धुंडाळत राहिले. १९८२ मध्ये माद्रिदला सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश स्तोत्रसंग्रहात ती मिळाली. स्पेनच्या एका भागातली स्थानिक चाल, जी युरोपात मागे पडली होती आणि जपानच्या एका बेटावर कोळ्यांनी सांभाळली होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहिले. गणपतीत आपण आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणतो. माझ्या आजोळी ती म्हणणाऱ्या वीसजणांपैकी दोघांनाही अर्थ येत नसेल, पण एकाचंही अक्षर चुकलं तर दुसरा थांबायचा. शब्द कळण्याआधीही शब्दांशी इमान राखता येतं. इकित्सुकीच्या लोकांनी ते जीव धोक्यात घालून राखलं.

आणि उलटा प्रवासही आपल्याच भूमीत झालेला आहे. जपानात बंदी आली त्यानंतर दोनच वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस, अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आपण शाळेत पाठ केल्या. त्या पाठ करताना "तुझं मराठीशी काय नातं?" असं त्या माणसाला विचारावंसं आपल्यापैकी कुणाला वाटलं होतं? ओवीच उत्तर देते.

सुझुकींकडे परत येते. त्यांच्या श्रद्धेच्या उत्तरापेक्षा मला त्यांच्या कामाच्या पद्धतीतून जास्त मिळालं, आणि ती पद्धत विद्वानाची आहे. कॉयरचा संचालक म्हणजे हात हलवणारा माणूस, असं मलाही आधी वाटायचं. हात हलवण्याआधी किती प्रश्न सोडवावे लागतात याची कल्पना नव्हती.

साधी गोष्ट, क्रम. कॅन्टाटा कालानुक्रमे मुद्रित करायचे तर कुठला कधीचा हे आधी माहीत हवं, आणि बाखनं बहुतेकांवर तारीख टाकलेली नाही. १९५०च्या दशकात आल्फ्रेड ड्यूर आणि गेओर्ग फॉन डाडेल्सेन या दोन जर्मन संशोधकांनी मूळ हस्तलिखितं घेतली आणि कागदांतली जलचिन्हं तपासली, नकलनविसांची अक्षरं ओळखायला शिकले. कुठली कागदाची खेप कुठल्या वर्षी लाइपझिगमध्ये, बाखच्या नोकरीच्या शहरात, वापरात होती, कुठला नकलनवीस कुठल्या काळात बाखच्या हाताखाली होता, हे जुळवत नेलं. त्यातून समोर आलेलं चित्र आधीच्या चित्राहून अगदी वेगळं होतं. हे कॅन्टाटा बाखनं लाइपझिगमधल्या सत्तावीस वर्षांत संथपणे लिहिलेले नव्हते. १७२३ मध्ये तिथे रुजू झाल्यावर पहिल्या काही वर्षांतच, कित्येकदा दर आठवड्याला एक, असे त्यानं बहुसंख्य लिहून काढले होते. रविवारी गायचा तर सोमवारी घ्यायचा, आणि शनिवारपर्यंत मुलांना शिकवायचा. सुझुकींची तबकड्यांची रांग या दोघांनी उजेडात धरलेल्या कागदांवर उभी आहे.

मग पट्टी. चर्चच्या ऑर्गनची पट्टी बाकीच्या वाद्यांपेक्षा चढी असायची, लाइपझिगमध्ये जवळजवळ एक पूर्ण सूर. म्हणून तिथे ऑर्गनवाल्याची पानं एक सूर खाली उतरवून लिहिलेली सापडतात. त्याआधीच्या गावांत व्यवस्था वेगळी. म्हणजे कागदावर दिसतो तो सूर नक्की कोणता, हे प्रत्येक कॅन्टाटासाठी नव्यानं ठरवायचं. पेटीवर काळी चार की काळी पाच यावर आमच्या भजनी मंडळात होणारे वाद आठवले की मला या प्रश्नाचं वजन बरोबर कळतं. अर्ध्या सुरानं पट्टी चढली की टेनरच्या गळ्याला ताण येतो, आणि शब्दाचा अर्थ बदलतो.

आणि गाणारे किती? १९८१ मध्ये अमेरिकी संशोधक-संचालक जोशुआ रिफकिन यांनी मांडलं की बाखच्या कॉयरमध्ये एका ओळीला एकच गायक असे. याच्यावर अजून भांडणं चालू आहेत. दुसऱ्या बाजूला बाखचाच १७३०चा नगरपालिकेला दिलेला अर्ज आहे, ज्यात तो प्रत्येक आवाजाला निदान तीन आणि शक्य तर चार गायक मागतो. सुझुकींनी मधली वाट घेतली. समूह लहान, सोळा-वीसच्या आसपास, आणि एकल गाणारे गायक समूहातही उभे. एकट्याचं गाणं संपलं की तो परत रांगेत येतो. मला ही निवड फार आवडते. आपल्या कीर्तनात बुवा अभंगाचा चरण उचलतात आणि पुन्हा टाळकऱ्यांच्या सुरात मिसळतात, तसं.

कीर्तनाशी हे साम्य माझ्या मनानं नंतर चिकटवलेलं नाही. कॅन्टाटा हा मैफिलीचा प्रकारच नव्हता. त्या रविवारचा धर्मग्रंथाचा उतारा वाचला जायचा, मग कॅन्टाटा, मग प्रवचन. काही कॅन्टाटांचे दोन भाग असत, एक प्रवचनाच्या आधी आणि एक नंतर. ३० मे १७२३ला लाइपझिगच्या सेंट निकोलस चर्चमध्ये बाखनं पहिल्यांदा सादर केलेला कॅन्टाटा असाच दोन भागांचा आहे. ऐकणाऱ्यांना कोरालच्या, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायच्या गीतांच्या, चाली तोंडपाठ होत्या, जसे आपल्या श्रोत्यांना तुकोबांचे अभंग. बाख ती पाठ असलेली चाल घेतो आणि तिच्यावर निरूपण करतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला एक अभंग घेऊन बुवा तासभर त्याचे पदर उलगडतात, तेच. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मला कागदांसमोर बसताना परकं वाटायचं थांबलं. निरूपण ऐकायला मी लहानपणापासून बसत आले आहे. आख्यान कुणाचं आहे हे पाहून माझी आई कधी उठून गेलेली नाही.

कॅन्टाटांपैकी बरेच हरवलेले आहेत. काही अर्धेच उरले आहेत. एकशे नव्वद क्रमांकाच्या, नववर्षासाठीच्या कॅन्टाटातल्या पहिल्या दोन भागांचे फक्त गाण्याचे आणि व्हायोलिनचे कागद शिल्लक आहेत, तुताऱ्या आणि बाकी वाद्यं गेली. सुझुकींच्या मालिकेसाठी या हरवलेल्या ओळी नव्यानं रचल्या गेल्या. बाखच्या बाकीच्या शेकडो पानांत अशा जागी तो काय करतो ते पाहून, त्याच्या सवयीनं विचार करून. हे करणाऱ्याला बाख "येत" असावा लागतो, भाषा यावी तसा. आता सुझुकींचा मुलगा मासातो हाही त्या समूहाचा संचालक आहे. त्यानं मोत्सार्टच्या अपुऱ्या राहिलेल्या रेक्विएमची, मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताची, स्वतःची पूर्तता केली आहे. घराणं हा शब्द आपण ज्या अर्थानं वापरतो त्या अर्थानं हे घराणं आहे: संशोधन आणि तालीम एकाच छपराखाली.

२०१२ मध्ये लाइपझिग शहरानं सुझुकींना बाख पदक दिलं. पुढच्या वर्षी पंचावन्नावी तबकडी पुरी झाली. तिच्यातला एक कॅन्टाटा लॅटिन आहे, "आकाशात देवाला गौरव" या शब्दांचा. कुणीतरी घरी पोचल्यावर चप्पल काढावी तसा तो मला ऐकू येतो.

मार्च २०२०मध्ये हा समूह युरोपच्या दौऱ्यावर होता आणि एकेक शहर बंद होत गेलं. जर्मनीतल्या कलोनच्या सभागृहात श्रोत्यांविना त्यांनी बाखचं सेंट जॉन पॅशन, ख्रिस्ताच्या यातनांचं आख्यान, गायलं आणि ते लोकांपर्यंत इंटरनेटवरून पोचलं. उरलेले कार्यक्रम रद्द झाले. ते दिवस त्यांनी तिथेच त्याच कृतीचं ध्वनिमुद्रण करून वापरले. रिकाम्या खुर्च्यांसमोर पहिल्या समूहगीताची ती घोंघावती सुरुवात मी माझ्या खोलीत पाहिली. पुढची दोन वर्षं जगभर एकत्र गाणं हीच धोक्याची गोष्ट झाली. श्वास एकत्र घ्यायचा, एकत्र सोडायचा, आमचं सगळं काम तेच. आमची खोली बंद राहिली. मी घरी माझी आल्टोची ओळ म्हणून पाहायची, आणि पुन्हा ते गाणं व्हायचं नाही. आई तेव्हा अंथरुणाला होती. ती ऐकायची आणि काही म्हणायची नाही.

परत जमलो तेव्हा आम्ही सतराजण उरलो होतो. पहिले तीन आठवडे मुखपट्ट्या लावून, खिडक्या उघड्या ठेवून गायलो. सर थकले आहेत, आता बसूनच हात देतात. एका मंगळवारी त्यांनी नवे कागद वाटले. तेच गीत, चौथं कडवं. इतकी वर्षं ते "नंतर" म्हणत आले होते ते.

एक अजब युद्ध झालं, मरण आणि जीवन झुंजले. जीवन जिंकलं, त्यानं मरण गिळलं. एका मरणानं दुसऱ्याला खाल्लं, असं शास्त्र सांगतं. या "खाल्लं"वर बाख आवाजांना इतक्या जवळून एकामागे एक सोडतो की ते खरोखर एकमेकांना गिळत जातात. सोप्रानो, टेनर, बास तिघंही सतत पळत असतात. आणि मूळ चाल, लूथरच्या गीताची, पहिल्या संध्याकाळी मी शोधत होते ती, या कडव्यात आल्टोंकडे आहे. लांब, संथ स्वरांत. मला ते तबकडीवरून केव्हाचं ठाऊक होतं. कोबेच्या आल्टो ती कशी गातात हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. त्या धक्काबुक्कीत त्या जराही आवाज चढवत नाहीत.

आमच्या रांगेत त्या दिवशी चौघीच होतो. एक मुलगी अगदी नवी, तिच्या हातात माझ्या पेन्सिलच्या देवनागरीची झेरॉक्स. टिंब देऊन लिहिलेला "श" कसा म्हणायचा ते मी तिला ओठांनी करून दाखवलं. बाकीच्या तिघांची धावपळ सुरू झाली. सरांनी डावा हात आमच्याकडे वळवला आणि फक्त तर्जनी उचलली. पहिला सूर, मग अर्धा सूर खाली, मग परत वर. मी श्वास घेतला.